पदवी हिशेबाची, जोड कॉम्प्युटरची



बारावीचा निकाल लागला की आमच्या ओसरीवर माणसांची ये-जा वाढते. ऊस-बिल विभागात मी ३४ वर्षे खर्डेघाशी केली, तेव्हा कॉमर्सच्या शिक्षणातले या म्हाताऱ्याला काही कळत असेल, असा लोकांचा समज आहे. तो काही पुरता खरा नाही. पण दारी आलेल्याला चहा आणि सल्ला दिल्याशिवाय सोडायचे नाही, ही आमच्याकडची जुनी खोड.

यंदा शेजारच्या वस्तीवरचे एक सभासद लेकीला घेऊन आले. त्यांना सगळे आबाच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "नाना, पोरीला सी.ए.ला घालायचं ठरवलं. सी.ई.टी.पण दिलीय तिनं." मला आनंद झाला आणि नवलही वाटले. सनदी लेखापालाच्या परीक्षेला सी.ई.टी. कुठून आली? माहितीपत्रक मागून घेतले. त्यावर छापले होते, बी.बी.ए. (सी.ए.). यातला सी.ए. म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. चार्टर्ड अकौंटंटशी त्याचे दूरचेसुद्धा नाते नाही. तोवर निम्म्या गावात पेढे वाटून झाले होते. पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मी सांगत होते पप्पांना." पेढा मी खाल्लाच, पण त्यानंतर दोन तास जे बोलणे झाले ते सभासदांपुढे मांडावेसे वाटते, कारण हा घोळ एकट्या आबांच्या घरचा नाही.

मुद्दा असा आहे. धंद्याचे, हिशेबाचे शिक्षण घेणाऱ्या पोरा-पोरीने त्याला कॉम्प्युटरची जोड द्यावी का? कॉलेजवाले ज्याला 'माहिती प्रणाली' म्हणतात तो विषय घ्यावा का? आणि घेतला तर मुख्य कोणते धरावे व जोडीला कोणते? माझे मत आधीच सांगून टाकतो. जोड जरूर द्यावी. पण आधी हिशेब पक्का करावा आणि मग त्याच हिशेबाची वाट कॉम्प्युटरमधून कशी जाते ते शिकावे. कॉम्प्युटरचे नाव पदवीत आहे एवढ्यावर भुलून पैसे भरू नयेत.

'माहिती प्रणाली' हा शब्द ऐकून बिचकायचे कारण नाही. वस्तू आपल्या रोजच्या ओळखीची आहे. आपल्या उसाची एक खेप घ्या. आधी लागणीची नोंद होते: गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात ८६०३२ आहे का ०२६५, आडसाली आहे का खोडवा. त्या तारखेवरून तोडणीचा प्रोग्राम लागतो आणि टोळी येते. फडात स्लिपबॉय चिठ्ठी फाडतो. तिच्यावर सभासदाचा कोड, प्लॉट नंबर, वाहनाचा नंबर, टोळीचा कोड. ती चिठ्ठी काट्यावर जाते. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, वजावट असेल तर ती, आणि उरले ते आपले. आता गंमत बघा. त्या एका चिठ्ठीवरून आपले बिल निघते, तोडणीवाल्यांचे निघते, वाहतुकीचे निघते, मुकादमाचे कमिशन निघते आणि आपल्या बिलातून सोसायटीची वसुलीसुद्धा निघते. फडात एक आकडा चुकला तर तो पाच घरी चुकीचा जाऊन बसतो. चिठ्ठी कुठून निघते, कुणाच्या हातून जाते, कुठे थांबते, कोण तिच्यात बदल करू शकतो, हे नीट लावून देणे म्हणजे माहिती प्रणाली. पूर्वी हे काम जाड रजिस्टरे आणि लाल-निळी शाई करायची, आता कॉम्प्युटर करतो. काम तेच आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. कारखाना कोणता, हे कृपा करून कुणी विचारू नये.

दोन भाऊ. वडील वारले, जमीन वाटून घेतली, पण सातबाऱ्यावर वारसांची नोंद व्हायची होती. गट नंबर एकच, आणि कारखान्याकडचा कोडही वडिलांच्या वेळचा, तो थोरल्याकडे चालत आलेला. धाकट्याचा खोडवा त्या कोडवर गेला. थोरल्याकडे सोसायटीचे पीककर्ज होते. बिल निघाले तेव्हा त्या कर्जाची वसुली धाकट्याच्या उसातून कापली गेली. हातात आलेली रक्कम पाहून तो माणूस हादरलाच, कारण पोराची वसतिगृहाची फी त्याच बिलावर अवलंबून होती. त्याने हेलपाटे सुरू केले. शेती खात्यात म्हणाले, "आम्ही चिठ्ठी बरोबर लिहिली." अकौंट्समध्ये म्हणाले, "यादी आली तशी बिले काढली." कॉम्प्युटरच्या खोलीत एक चांगला शिकलेला, सभ्य मुलगा होता. त्याने स्क्रीनच वळवून दाखवला, "काका, कोडवर जे आलं तेच इथं दिसतंय." तिघेही खरे बोलत होते. तिघांपैकी कुणाचीच चूक नव्हती, आणि धाकट्याचे पैसे मात्र गेले होते. घरी भावाभावांत बोलणे बंद झाले ते वेगळेच.

शेवटी जुने रजिस्टर काढले. त्यात शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असायचा. तिथे कुणा जुन्या कारकुनाने बारीक अक्षरात लिहून ठेवले होते: वाटप झाले आहे, धाकट्याचे वेगळे धरावे. दरवर्षी बिल काढणारा तो शेरा वाचायचा आणि वेगळे धरायचा. रजिस्टराचा कॉम्प्युटर झाला तेव्हा सगळे रकाने स्क्रीनवर आले, फक्त 'शेरा' आला नाही. प्रोग्राम करणाऱ्या मुलाला त्या रकान्याचे महत्त्व कुणी सांगितले नाही. कारकुनाला वाटले, एवढे मोठे यंत्र आहे, त्याला ठाऊक असेल. एकाला हिशेब कळत होता, दुसऱ्याला यंत्र कळत होते, आणि दोहोंच्या मधल्या खाचेत एका सभासदाचे बिल पडले.

त्या मधल्या जागेवर बसणारे माणूस आपल्याला हवे आहे. आमच्या पिढीत ते नव्हते, हे मी कबूल करतो. कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही जुने लोक त्याच्यापासून दोन हात लांब राहिलो आणि 'पोरांना कळतं' म्हणून मोकळे झालो. शेरा आम्हीच सांगायला हवा होता.

नुसते यंत्र आणून भागत नाही, याचा मोठा दाखला आपल्याच उसाच्या पट्ट्यात आहे. १९९८ साली वारणेच्या खोऱ्यात ७० गावांत कॉम्प्युटरची केंद्रे काढण्याचा प्रकल्प झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह असे तिघे त्यात होते. शेतकऱ्याला जगाची माहिती गावात मिळेल, अशी मोठी कल्पना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरमधील संशोधकांनी जाऊन पाहिले, तर बहुतेक वापर मोजक्याच आकड्यांसाठी होत होता. माझा ऊस किती टन गेला, खताचे परमिट, असलेच. मग त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाईल आणि एस.एम.एस. लावून बघितला, आणि काम चालले. २००७ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले. कल्पना मांडणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. पहिले पाऊल टाकणाऱ्याचाच पाय घसरतो, मागून येणाऱ्याला वाट तयार मिळते. पण 'ऊस उत्पादकाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे' हा प्रश्न यंत्र विकत घेण्याआधी विचारायचा असतो, आणि तो विचारायला धंदा कळणारा माणूस लागतो.

आता शिक्षणाच्या बाजूकडे येतो. बी.बी.ए. (सी.ए.) वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण त्यात प्रोग्रामिंग, डेटाबेस, वेबसाईट असे विषय जास्त आणि हिशेबाचा वाटा थोडा असतो. ज्या पोराला यंत्राशी खेळण्याची खरी आवड आहे त्याने ते घ्यावे, नाहीतर सरळ बी.सी.ए. करावे, आणि हिशेब वेगळा शिकावा. ज्याला ताळेबंद वाचायला गोडी वाटते त्याने बी.कॉम. करावे. कॉस्टिंग टाळू नये, कारण कारखान्यापासून दूध संघापर्यंत कुठेही गेले तरी 'पडले कितीला' हाच पहिला प्रश्न असतो. नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत लागू झाल्यावर मुख्य विषयाला दुसऱ्या विषयाची मायनर म्हणून जोड देता येते. कॉलेजात जाऊन विचारा, मायनरला कॉम्प्युटर किंवा माहिती प्रणाली आहे का, आणि शिकवायला पूर्णवेळ माणूस आहे का. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. नाहीतर विषय माहितीपत्रकात असतो आणि प्राध्यापक एस.टी.त.

सी.ई.टी.चेही समजून घ्या. २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सी.ई.टी. सुरू झाली. साध्या बी.कॉम.ला ती नाही, म्हणून बी.कॉम. हलके ठरत नाही. उलट अनुदानित कॉलेजातले बी.कॉम. खिशाला झेपते. ही नवी नावे बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आहेत. मुलींसाठी मात्र एक सोय आहे. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये केला. प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून चालत नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला निकालाची वाट पाहू नका, त्या आठवड्यात तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

सवलत बसत नसेल तर फी टनात मोजून बघावी, अशी माझी शिफारस आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याचा एफ.आर.पी. टनाला ३,५५० रुपये होता. तोडणी-वाहतूक जाऊन समजा २,७०० हातात राहिले आणि कॉलेजची फी ६०,००० असली, तर एका वर्षाच्या फीला २२ टन ऊस लागतो. एकरी ४० टनाचा हिशेब धरला तर २२ गुंठे रान झाले. तेसुद्धा बेणे, खत, पाणी, मजुरी न धरता. तीन वर्षांचे करून बघा, खोली-मेस मिळवा, आणि मग पोराला विचारा की या कोर्सात तुला नेमके काय शिकवणार आहेत. त्याला सांगता आले नाही तर आठ दिवस थांबा.

जोड सगळ्यांनाच मानवते असेही नाही. दोन्हीकडे अर्धेमुर्धे शिकून ना धड जमाखर्च, ना धड यंत्र, अशी मुले मी मुलाखतीत पाहिली आहेत. एकाने टॅलीत व्हाउचर भरून दाखवले. छान भरले, पटापटा. विचारले, "हा घसारा कुठे दाखवायचा आणि का?" म्हणाला, "ते सॉफ्टवेअर करतं, सर." त्याला मी काय बोलणार? आणि नुसते आकडे भरण्याचे काम यापुढे फार दिवस माणसाकडे राहील असे मला वाटत नाही. बारामतीला तर उसाच्या फडात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालले आहेत. वजनाचे आकडे आपोआप बिलात जाऊन बसायला किती वेळ लागणार? आकडा भरणाऱ्याची गरज संपली तरी तो खरा का खोटा ओळखणाऱ्याची संपणार नाही.

पदवीनंतर सहकार खात्याची जी.डी.सी. ॲण्ड ए. ही परीक्षा द्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाची वाट तिथून जाते. गावोगावच्या सोसायट्यांचे संगणकीकरण करायची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली, पहिल्या टप्प्यात देशभरातल्या ६३,००० संस्था धरल्या होत्या. सोसायटीचे दप्तर कॉम्प्युटरवर गेल्यावर ते तपासणाऱ्याला हिशेब आणि यंत्र दोन्ही कळायला नको का? सनदी लेखापालांच्या संस्थेनेसुद्धा आपल्या सभासदांसाठी माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाचा वेगळा अभ्यासक्रम ठेवला आहे. ती मंडळी उगाच कशाच्या मागे लागत नाहीत.

याच अनुषंगाने संचालक मंडळाला एक विनंती आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते की ज्यात नोंद कधी आणि काय बदलली याचा माग राहतो, आणि तो पुसता येत नाही. हा नियम कंपनी कायद्याखालचा, सहकारी कारखान्याला तो तसाच्या तसा लागत नाही. पण चांगली गोष्ट कायद्याने सांगितल्यावरच करायची असे कुठे आहे? काट्याचा आकडा, सभासदाचा कोड आणि कपातीची यादी, एवढ्या तीन ठिकाणी तरी असा माग आपल्याकडे असावा. कोणी बदलले त्याचे नावही त्यात यावे. काट्याबद्दल चावडीवर जे बोलले जाते ते संचालकांच्या कानावर येतच असेल. भाषणाने ते थांबत नाही. आणि कॉमर्सला असलेल्या सभासदांच्या मुला-मुलींना गाळप संपल्यावर महिना-दोन महिने ऊस-बिल विभागात आणि काट्याच्या ऑफिसात शिकायला बसू द्यावे. पगार नको, चहा पुरे.

आबांच्या लेकीचे राहिले. मी तिला म्हटले, कॉलेजचे नंतर बघू, आधी घरच्या जुन्या वजनपावत्या, बिल आणि बँकेचे पासबुक घेऊन ये. ती संध्याकाळी पिशवी घेऊन आली. त्यात काही कागद दुसऱ्याच एका कारखान्याचे निघाले. त्या वर्षी आबांचा थोडा ऊस बाहेर गेला होता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, नाहीतर आबांच्याच नोंदीवर यायचे. तिने पावत्या तारखेने लावल्या, बिलाशी ताडून पाहिल्या, एक कपात बोटाने दाखवून विचारले, "ही कशाची? आणि कापा म्हणून कुणी सांगितलं?" वीस वर्षे ऊस घालणाऱ्या आबांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

मग मी तिला सांगितले, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. ती पावतीवरची तारीख आणि पासबुकातली तारीख समोरासमोर ठेवून बोटांवर मोजायला लागली.

"सतरा दिवस, नाना. तीन दिवसांचं व्याज." बिल पुन्हा उलटसुलट करून पाहिले तिने. "यात व्याजाचा रकानाच नाही."

सोमवारी तिने तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम.चा फॉर्म भरला, मायनरला कॉम्प्युटर. यंदाचे गाळप संपले की आपल्या कारखान्याच्या ऊस-बिल विभागात महिनाभर बसू द्यावे, असा अर्ज आबांनी कार्यालयात दिला आहे. त्याची पोच त्यांच्याकडे आहे.

— एक सभासद